चार भोकं आणि चार बुचं

आमच्या दादाच्या मते जगात स्पोर्ट्स कार दोन प्रकारच्या असतात. खऱ्या, आणि माझी. हे तो गेली बारा वर्षं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, पनवेलबाहेर हायवेवरच्या एका हॉटेलात मिसळ खाता खाता सांगत आला आहे आणि मी त्याच टेबलावर बसून ऐकत आले आहे. ऐकत म्हणजे गप्प बसून नव्हे.

त्या हॉटेलात जुन्या गाड्यांचे शौकीन जमतात. पार्किंगमध्ये गाड्या ओळीने लावायच्या, बोनेट उघडायची आणि आत बसून वाद घालायचा. कुठली गाडी ओव्हररेटेड, कुठली अंडररेटेड. एकजण म्हणतो, त्या जर्मन गाडीचं उगाच कौतुक. दुसरा म्हणतो, तू कधी चालवली आहेस का? तो म्हणतो, नाही, पण वाचलंय. ज्यांनी चालवल्या नाहीत ते ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना पटवत बसतात आणि मिसळ गार होते. दुरून डोंगर साजरे ही म्हण कोणी नव्यानं शोधायची असती तर याच टेबलावर सापडली असती.

माझ्या गाडीवर मात्र कधी वाद होत नसे, कारण तिच्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. माझी गाडी आपल्याच देशात, समुद्रकाठच्या एका छोट्या कारखान्यात बनली. दोन सीट, कापडी छत, अंग सगळं फायबरचं. थोड्या गाड्या बनल्या आणि कारखाना बंद पडला. इंजिन साध्या घरगुती गाडीचं, पण गाडीच इतकी हलकी की ते इंजिन खूश असतं. खांदा कॉलनीतून निघून घाटात तिला वळणावर टाकलं की ती कशी वळते ते सांगायला मला शब्द नाहीत आणि असते तरी त्या टेबलावर कोणी ऐकले नसते. तिथे तिला साबणाची डबी म्हणत. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय? हीच गाडी परदेशातून पेटाऱ्यात घालून आली असती तर या लोकांनी तिच्यापुढे नारळ फोडला असता.

दादाची गाडी तशी पेटाऱ्यातूनच आलेली. हिरवी, बुटकी, तारांच्या चाकांची, इंग्लिश. तिच्याकडे बघून रस्त्यावरचा माणूस थांबतो हे खरं आहे. गाडीही थांबते, हेही खरं आहे. एकदा, फक्त एकदा, त्याने मला ती चालवायला दिली. स्टिअरिंग जात्यासारखं जड, ब्रेक दाबल्यावर गाडी आधी विचार करते, आणि पायांशी अशी धग की उतरल्यावर मी चपला काढून फरशीवर उभी राहिले. आवाज मात्र सुंदर. तो मी नाकारणार नाही. पण आवाज ऐकायला गाडी कशाला पाळायची? दर महिन्याला ती हॉटेलपर्यंत येते तेव्हा डिकीत तेलाचे दोन डबे असतात आणि मेकॅनिक तिथे हजर असतो. हे मी टेबलावर म्हटलं की दादा चमचा खाली ठेवून म्हणायचा, "गाड्यांतलं तुला काय कळतं?"

हे वाक्य मी सात वर्षांची असल्यापासून ऐकते आहे. वडिलांकडे जुनी जीप होती. दादाला त्यांनी तिच्यावर गाडी शिकवली आणि मला तिच्याखाली बॅटरी धरून बसवलं. मला खालून जीप पाठ झाली. कुठला नट कुठे, कुठून तेल गळतं, सगळं. पण स्टिअरिंगवर हात ठेवायला मला चाळिसावं वर्ष उजाडलं. तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करत होते, तिथल्या गेटबाहेरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिफ्ट संपली की शिकले. आणि पुढे तीन वर्षांनी जुन्या पनवेलमध्ये एका गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली ही गाडी दिसली. मी कोणाला विचारलं नाही. आयुष्यात साड्यांपासून सासरपर्यंत सगळं चार लोकांना विचारून घेतलं होतं. ही एकच गोष्ट न विचारता घेतली. नवऱ्याने बसून पाहिलं, त्याचे गुडघे डॅशबोर्डला लागले, तो म्हणाला, "छान आहे, मी स्कूटरने येतो." तेव्हापासून तो स्कूटरनेच येतो.

गेल्या आषाढात न्हावा शेवाच्या रस्त्यावर सिग्नलला उभी असताना पुढचा कंटेनर ट्रेलर मागे सरकला. मी हॉर्न वाजवत राहिले. त्याच्या केबिनमधून माझी गाडी दिसणारच नव्हती, ती त्याच्या चाकाएवढीसुद्धा नाही. मला ओरखडा आला नाही. गाडीचं नाक मात्र उजव्या बाजूने अंड्याच्या कवचासारखं फुटलं, छताचा सांगाडा वाकला, आणि ड्रायव्हर खाली उतरून फुटलेल्या तुकड्याकडे बघत म्हणाला, "अरे, ये तो प्लास्टिक है."

विमा कंपनीचा माणूस आला. त्याने फोटो काढले आणि सांगितलं की हिचे पार्ट कुठेच मिळत नाहीत, गाडी मोडीत काढावी लागेल. त्यात गाडीच्या नोंदणीची मुदत दिवाळीत संपत होती. त्याआधी ती चालत जाऊन तपासणीत पास झाली नाही तर कागदावरही संपली असती. दादाला मी फोन केला तेव्हा, खरं सांगते, मला वाटलं तो म्हणेल बघूया काहीतरी. तो म्हणाला, "बरं झालं. इंजिन कोणीतरी घेईल. आता शहाण्यासारखी एक चांगली गाडी घे." मी फोन ठेवला आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन त्या फुटक्या नाकापाशी बसून रडले. वॉचमनने लांबून पाहिलं आणि पाण्याची मोटर चालू करायला निघून गेला.

मोडीत द्यायची नाही एवढं मी त्याच संध्याकाळी ठरवलं. कसं, ते माहीत नव्हतं. चार गॅरेजवाल्यांनी पत्रा ठोकायचा असता तर केलं असतं म्हणून परत पाठवलं. रस्ता दाखवला तो मासळी बाजारातल्या मावशींनी. उरणकडच्या कोळीण, वीस वर्षं माझं पापलेट त्याच कापून देतात. तोंड का पडलंय म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. त्यांनी कोयता थांबवला.

"फायबरची हाय ना? मग रडतेस कशाला? माझा दीर फायबरच्या होड्या बनवतो. गाडी काय नि होडी काय, अंग तेच."

मावशींचा दीर उरणच्या बाजूला खाडीकाठी एका शेडमध्ये काम करायचा. साठीचा माणूस, अंगात बनियन, हाताला वाळलेल्या रेझिनचे पापुद्रे. सगळे त्याला नाखवा म्हणत, मीही म्हणू लागले. टेम्पोवरून गाडी उतरवली तेव्हा तो हात पुसत पुढे आला. तिच्याभोवती फिरला, बोटांच्या पेरांनी ठिकठिकाणी वाजवून बघितलं, मग फुटक्या कडेवरून तळवा फिरवला.

"बनवनाऱ्यानं मन लावून बनवलीय," तो म्हणाला. "पन पातळ हाय. समुद्रात टिकली नसती."

बारा वर्षांत त्या गाडीबद्दल एका जाणकाराने काढलेला हा पहिला चांगला शब्द. मला तिथल्या तिथे त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

साचा नव्हता. त्याने शाबूत डाव्या बाजूवर पुठ्ठे लावून आकार काढून घेतला, पुठ्ठे उलटे केले आणि त्यावरून उजवी बाजू उभी केली. फायबरची मॅट, त्यावर रेझिन, परत मॅट. पावसाळ्याच्या दमट हवेत रेझिन घट्ट व्हायला त्रास देतं, म्हणून हार्डनर किती घालायचं यावर आमचं जोरदार भांडण झालं. मी लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढलेली, मोजपात्र घेऊन गेले होते. तो बाटलीच्या झाकणाने मोजायचा. शेवटी दोघांनी आपापल्या मापाने एकेक तुकडा बनवला. दुसऱ्या दिवशी दोन्ही सारखेच घट्ट झाले होते. तो हसला, मीही हसले, आणि पुढे झाकणच वापरलं.

नाक आधीपेक्षा बोथट आणि किंचित वर उचललेलं झालं. आयुष्यभर ज्या हाताने नाळ्याच, म्हणजे होड्यांची पुढची टोकंच, घडवली त्याच्याकडून दुसरं काय होणार? मला ते आवडलं. गाडी हनुवटी वर केल्यासारखी दिसत होती. रंगासकट काम भाद्रपदात पुरं झालं. छताचा सांगाडा तेवढा सरळ व्हायचा राहिला होता, तो गावात दुसरीकडे दिला आणि त्या दुसऱ्या रविवारी, ऊन पाहून, मी उघडी गाडी घेऊन थेट हॉटेलवर गेले. दाखवायला गेले होते, उगाच नाही म्हणत नाही.

दादा बाहेर आला. नाकाकडे बघितलं. "हे काय केलंस?" एवढंच म्हणाला. बाकीचे हसले, पण फोटो काढत होते. मग सगळे मिसळीला आत गेलो आणि अर्ध्या तासात भाद्रपदातली ती एक बेइमान सर आली, ऊन असतानाच, आणि झोडपून गेली. ज्यांच्या गाड्यांना छत होतं ते धावत जाऊन लावून आले. माझ्या गाडीला नव्हतं. मला चिंता नव्हती, भिजली तर भिजली, तळाला पाणी जायला भोकं आहेत. चार आहेत, दोन्हीकडे दोन दोन.

बाहेर आलो तर गाडीत चार बोटं पाणी. स्थिर. माझी चप्पल त्यात तरंगत होती, मी ती घाटात चालवताना काढून सीटखाली ठेवते. कोणीतरी म्हणालं, "साबणाच्या डबीचा बाथटब झाला," आणि हॉटेलचे वेटरसुद्धा हसले. दादाला हसू आलं नाही. त्याला लाज वाटली आणि ते माझ्यासाठी हसण्यापेक्षा वाईट होतं. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "आता पुरे. ही गाडी कधीच नव्हती. आता तर होडीही धड नाही. दिवाळीपर्यंत ओढू नकोस, उद्याच देऊन टाक."

मी आत जाऊन वेटरकडून स्टीलचा पेला मागून घेतला आणि पाणी उपसायला लागले. दोघेतिघे पुढे आले, त्यांना म्हटलं, बाजूला व्हा. एक पेला, दुसरा पेला. पंधरा लोक उभे होते आणि मी पदर खोचून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी काढलं. मग पेला धुऊन परत दिला, ओल्या सीटवर बसले आणि गाडी चालू केली. पहिल्या झटक्यात चालू झाली. त्या दिवशी दादाची हिरवी गाडी भिजल्यामुळे चालू होत नव्हती आणि मेकॅनिक तिच्यात डोकं घालून उभा होता, पण ते कोणी बघत नव्हतं. नावडतीचं मीठ अळणी.

रस्ताभर मी मात्र नाखव्याला शिव्या देत होते. तशीच खाडीवर गेले.

"नाखवा, तळाला चार भोकं होती. कुठे गेली?"

"व्हती ना," तो अभिमानाने म्हणाला. "तुमी सांगायचं इसरलात. मी बुजवली. चार थर मारलेत. एक पैसा घेतला नाय त्याचा."

मी कपाळावर हात मारला. "अहो, ती मुद्दाम ठेवलेली होती!"

"मुद्दाम?" तो खरोखरच चक्रावला. "तळाला भोक मुद्दाम कोन ठेवील, ताई? मानूस बुडंल ना."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला हसू फुटलं. त्याने चाळीस वर्षांत एकही भोक उघडं सोडलं नव्हतं. माझं सोडलं असतं तर तो रात्री झोपला नसता. मी समजावून सांगितलं, पाणी वरून येतं, खालून जायला हवं. तो ऐकत राहिला. मग विचारलं, "आनि रस्त्यावर पानी साठलं की? खालून आत येत नाय?"

येत होतं. बारा वर्षं प्रत्येक डबक्यात माझे पाय भिजत होते. ते मला गाडीचाच स्वभाव वाटायचं.

त्याने पुन्हा चार भोकं पाडली, नीट गोल, आणि प्रत्येकाला पितळी कडी आणि रबरी बूच बसवलं, होडीला असतं तसं. खालून हात घातला की हाताला लागेल असं. "होडी किनाऱ्याला ओढली की बूच काढायचं, पावसाचं पानी निघून जातं. पान्यात घालताना लावायचं. कवा काढायचं नि कवा लावायचं, हे मालकाला कळाया पायजे. बास."

तपासणी दिवाळीच्या दोन आठवडे आधी होती. आदल्या रात्री मला झोप नव्हती. मैदानावर गाड्यांची रांग, आणि अधिकारी एकेक गाडी खालून वरून बघत येत होता. माझ्यापाशी तो वाकला आणि बराच वेळ उठलाच नाही.

"हे काय आहे?"

"बुचं."

"कशाला?"

"आत साठलेलं पाणी काढायला."

त्याने गाडीच्या नाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत खाली पाहिलं. ब्रेक लावून दाखवायला सांगितले, दिवे, हॉर्न, नंबर. एक चक्कर मारायला लावली. मग कागदावर सही करत तो म्हणाला, "बाई, ब्रेक लागतात, दिवे लागतात, नंबर जुळतो. नाक बोथट असायला नियमांत मनाई नाही." पुढची पाच वर्षं मिळाली. मी गेटबाहेर गाडी कडेला घेतली आणि मोठ्याने ओरडले. रिक्षावाला दचकला. दचकू दे.

त्याच आठवड्यात दादा घरी आला. मिठाई घेऊन आला, म्हणजे काहीतरी होतं. चहा झाल्यावर त्याने सांगितलं की ग्रुपवर माझ्या गाडीचा फोटो फिरला, बाहेरच्या शहरांतल्या कोणा जाणत्यांनी चौकशी केली, आता अशा फारच थोड्या उरल्यात म्हणे. आणि ग्रुपने ठरवलं आहे की ही गाडी अंडररेटेड आहे. जानेवारीच्या रॅलीत पहिल्या ओळीत जागा. फक्त एक, नाक मूळच्यासारखं करून घ्यायचं आणि ती बुचं काढून टाकायची. ओरिजिनल हवी ना.

त्याला वाटलं मी हरखून जाईन. बारा वर्षांपूर्वी गेलेही असते. पण मला संताप आला आणि मी कप खाली आपटला.

"दादा, ओव्हररेटेड म्हणणारे तुम्हीच, अंडररेटेड म्हणणारे तुम्हीच. तुमच्यातला एकजण तरी माझ्या गाडीत बसलाय? तू बसलायस? काल ती साबणाची डबी होती, आज कोणी परक्याने चौकशी केली म्हणून मोठी झाली. तिच्यात काय बदललं? बदललं ते फक्त नाक, आणि तेच तुम्हाला नकोय. ते नाक ज्याने केलं त्याने तिला पहिल्यांदा नीट हात लावून बघितलं. नाक राहील. बुचं राहतील. तुमच्या यादीत मला वरही नको आणि खालीही नको."

गाड्यांतलं तुला काय कळतं, असं तो या वेळी म्हणाला नाही. बाहेर बघत बसला. मग म्हणाला, "गुडघ्यांमुळे माझी गाडी मला आता चालवता येत नाही. वर्ष झालं. तुम्ही यायच्या आधी मेकॅनिकच हॉटेलपर्यंत आणतो आणि मी रिक्षाने येतो. कोणाला सांगू नकोस."

मला हे माहीत नव्हतं. दर भेटीला तो तिच्या शेजारी उभा असायचा, हातात किल्ली फिरवत. मला त्याच्यावर राग धरून ठेवायचा होता, पण जमेना. मी किल्ली घेतली. "चल. दार जोरात ओढून घे, नाहीतर उघडतं."

गुडघे दुमडून, कण्हत, तो एकदाचा बसला. आम्ही खाडीच्या रस्त्याला लागलो. वळणांवर तो दाराची कड धरून होता, मग त्याने ती सोडली. दोनदा म्हणाला, "कशी वळते गं!" मी आणखी एक वळण घेतलं. नाखव्याच्या शेडच्या अलीकडे परतीच्या पावसाने गाठलं. छत मी पुन्हा घरीच ठेवलं होतं. दोघेही नखशिखांत भिजलो, पायाशी पाणी चढलं, आणि तो लहान मुलासारखा हसत सुटला, चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं तसं.

शेडपाशी गाडी उभी केली. पाऊस थांबला होता. मी बुचं काढायला उतरणार तोच तो माझ्याआधी उतरला, दाराला धरून हळूहळू एका गुडघ्यावर बसला, चिखलात, कडक इस्त्रीच्या पँटसकट, आणि गाडीखाली हात घालून चाचपू लागला. मी जीपखाली धरायचे तशी मोबाइलची बॅटरी लावून त्याच्या शेजारी वाकले.

"डावीकडचं जरा घट्ट बसलंय गं," तो म्हणाला. "कसं काढायचं, सांग."